न झालेल्या गोलांचा जमाखर्च

ज्या दोन गृहस्थांचा वाद पुढे मांडीत आहे ते दोघेही खेळाच्या बाबतीत हट्टी आणि एकमेकांच्या बाबतीत उदार असल्यामुळे, त्यांचा वाद कधी तुटेपर्यंत ताणला गेलेला नाही आणि कधी मिटलेलाही नाही. तात्या गिरगावचे; एका वाडीत जन्मले, सरकारी दप्तरखान्यात उमेदवार म्हणून लागले आणि अव्वल कारकून होऊन निवृत्त झाले. ज्या गोष्टीची नोंद नाही ती घडलीच नाही, असे मानण्याकडे त्यांच्या बुद्धीचा स्वाभाविक कल आहे. मास्तर लालबागचे, महापालिकेच्या शाळेत त्यांनी इतिहास-भूगोल शिकवला, तरुणपणी कबड्डीत कोपरा सांभाळला, आणि पुढे गुडघ्यांनी असहकार पुकारल्यावर परळच्या सेंट झेवियर्स मैदानावर जिल्हा लीगचे फुटबॉल सामने पाहण्याची जी सवय त्यांना जडली ती अद्याप सुटलेली नाही. अशाच एका सामन्याच्या मध्यंतरात निघालेला विषय सामना संपून मैदान रिकामे झाल्यावरही पुरून उरला. विषय होता राहुल भेके यांचा.

मुंबईचा एखादा फलंदाज रणजी सामन्यात शतक करतो तेव्हा ज्या शहराला त्याच्या शाळेचे आणि त्याच्या गुरूचे नाव तोंडपाठ असते, त्याच शहराला आपल्या या फुटबॉलपटूची फारशी वार्ता नसते. म्हणून ओळख करून देणे अवश्य आहे. भेके यांचा जन्म ६ डिसेंबर १९९० रोजी मुंबईत झाला. मुंबई एफसी या क्लबातून त्यांनी वरच्या श्रेणीच्या फुटबॉलमध्ये पाऊल टाकले. तेथून कोलकात्याच्या ईस्ट बंगालमध्ये, मध्यंतरी इंडियन सुपर लीगच्या हंगामापुरते केरळ ब्लास्टर्स व पुणे सिटी यांच्याकडे, २०१७ पासून बंगळुरू एफसीत, २०२१ पासून मुंबई सिटीत आणि २०२४ मध्ये पुन्हा बंगळुरूत, असा त्यांचा प्रवास झाला. भारताच्या ज्येष्ठ संघातून ते प्रथम खेळले ५ जून २०१९ रोजी, थायलंडच्या बुरीराम येथे, कुरसाओविरुद्ध. त्या वेळी त्यांचे वय अठ्ठावीस होते, आणि भारत तो सामना १–३ असा हरला. कधी उजवा बचाव, कधी मध्यबचाव, अशा दोन्ही जागा त्यांनी सांभाळल्या आहेत.

“हे सर्व ठीक,” तात्या म्हणाले, “परंतु बचावपटूची कारकीर्द म्हणजे नेमके काय, हे मला कोणी समजावून सांगितलेले नाही. आमचा एकनाथ सोलकर घ्या. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा. फलंदाजाच्या श्वासाच्या अंतरावर उभा राहून त्याने २७ कसोटींत ५३ झेल घेतले. त्यातला प्रत्येक झेल दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ‘झे. सोलकर’ म्हणून रुजू झाला. गोलंदाजाच्या शेजारी त्याचे नाव लागले, आणि ते आजही कोणाला पुसता येत नाही. तुमच्या कबड्डीतसुद्धा चढाईपटूला पकडले की गुण मिळतो. पकड करणाऱ्याचा हिशेब राहतो. फुटबॉलमध्ये मात्र गोल करणाऱ्याचे नाव लिहितात, गोल अडवणाऱ्या गोलरक्षकाचेही लिहितात, आणि ज्याने तो प्रसंग उद्भवूच दिला नाही त्याच्या रकान्यात शून्यसुद्धा मांडीत नाहीत, रकानाच नसतो. न घडलेल्या गोष्टींवर ज्याचे आयुष्य उभे, त्याचे मोजमाप करायचे कसे? आणि तुमच्या भेक्यांचे नाव चार लोकांना आठवते ते कशामुळे? त्यांनी गोल केला म्हणून! बचावपटूला कीर्ती हवी असेल तर त्याने आपले काम सोडून दुसऱ्याचे करावे, असाच याचा अर्थ नव्हे काय?”

तात्यांचा निर्देश ज्या गोलाकडे होता तो १७ मार्च २०१९ चा. इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना त्या वर्षी अंधेरीच्या मैदानावर झाला. बंगळुरू आणि गोवा हे दोन संघ नव्वद मिनिटे गोलशून्य झगडले, जादा वेळ सुरू झाला, गोव्याचा मोरोक्कन मध्यरक्षक अहमद जाहू लाल कार्डामुळे बाहेर गेला, आणि पेनल्टींची चाहूल लागली असताना ११७व्या मिनिटाला दिमास देल्गादोच्या कॉर्नरवर भेके यांनी उसळी घेऊन डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. बंगळुरूला लीगचे पहिले विजेतेपद मिळाले. मुंबईच्या मुलाने मुंबईच्याच मैदानावर परक्या शहराला करंडक मिळवून दिला, यातला विरोधाभास त्या वेळी मुंबईत किती जणांना जाणवला असेल, याविषयी मला शंकाच आहे.

मास्तर लगेच उत्तरले नाहीत. प्रतिपक्षाला पूर्ण बोलू द्यावयाचे आणि मग त्याच्याच शब्दांत त्याला धरावयाचे, ही त्यांची रीत आहे. कोपरा सांभाळण्याची जुनी खोड असावी.

“दुसऱ्याचे काम, असे म्हणालात,” ते म्हणाले. “जरा तपासून पाहू. भेके यांचे जे गोल लोकांच्या स्मरणात आहेत ते चार. एक तुम्ही सांगितलात तो. दुसरा ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधला, आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये, इराकच्या वायुदलाच्या क्लबाविरुद्ध. त्या गोलाने मुंबई सिटी २–१ अशी जिंकली, आणि त्या स्पर्धेत सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. तिसरा १८ नोव्हेंबर २०२४ रोजी हैदराबादला मलेशियाविरुद्ध बरोबरी साधणारा. तो त्यांचा भारतासाठी पहिला गोल, आणि त्या दिवशी चौतिसावे वर्ष पूर्ण व्हायला अठरा दिवस उरले होते. चौथा मार्च २०२५ मध्ये शिलाँगला मालदीवविरुद्ध, ज्या सामन्याने भारताचा वर्षाहून अधिक काळचा विजयाचा दुष्काळ संपला. आता सांगा, या चारांत समान काय आहे? चारही कॉर्नरवर, चारही डोक्याने. कॉर्नरवर येणारा चेंडू कोठे उतरेल याचा अदमास घेणे, धक्काबुक्कीतून जागा काढणे, आणि प्रतिस्पर्ध्याच्या निमिषभर आधी उसळणे, हेच काम हा माणूस आपल्या गोलापुढे दर सामन्यात करीत आला आहे. तिकडे केले की चेंडू माघारी जातो आणि कोणी टाळी वाजवीत नाही. इकडे केले की करंडक मिळतो. काम तेच, तात्या. फक्त तोंड कोणत्या दिशेला आहे, एवढाच फरक.”

तात्यांना हे आवडले हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होते. परंतु आवडलेला युक्तिवाद मान्य करणे हे त्यांच्या शिस्तीत बसत नाही.

“मग माझाच मुद्दा सिद्ध झाला की! काम तेच असून एका टोकाला इनाम आणि दुसऱ्या टोकाला विस्मरण, अशी ज्या खेळाची व्यवस्था आहे त्या खेळात बचावाची कारकीर्द निवडणे हा उघड उघड नुकसानीचा सौदा आहे.”

“सौद्याचे नंतर पाहू. आधी दोहाचा सामना घ्या.” मास्तर आता सावरून बसले. “१० सप्टेंबर २०१९. विश्वचषकाची पात्रता फेरी. समोर कतार, त्याच वर्षी आशियाचा विजेता ठरलेला, आणि पाच दिवसांपूर्वीच अफगाणिस्तानला सहा गोल मारून आलेला. आपला सुनील छेत्री आजारी, म्हणून संघाबाहेर. बचावफळीत उजवीकडे भेके, मध्ये संदेश झिंगन आणि गोव्याचा आदिल खान, डावीकडे मंदार राव देसाई. मंदारही गोव्याचा, आणि मूळचा बचावपटूही नव्हे. डाव्या कडेने चढाई करणारा खेळाडू, ज्याला गोव्याच्या प्रशिक्षकाने मागे आणून उभे केले. गंमत पाहा, अंधेरीच्या त्या अंतिम सामन्यात हाच मंदार भेक्यांच्या विरुद्ध संघात होता. कतारने वीसहून अधिक वेळा गोलाचा वेध घेतला. एकही चेंडू आत गेला नाही. सामना ०–० सुटला. माझ्या दृष्टीने भेक्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा दिवस तो, आणि त्या दिवशी त्यांच्या नावावर तुमच्या दप्तरात काहीही नाही.”

“त्या दिवशीची नोंद आहे, ती गुरप्रीत सिंग संधूच्या नावावर,” तात्या शांतपणे म्हणाले. “गोलरक्षकाने चेंडू अडवले. बचावफळी इतकी अभेद्य होती तर वीस-वीस वेळा वेध घेण्याची पाळी आलीच कशी? आणि दोहाच्या पाच दिवस आधी गुवाहाटीला काय झाले, तेही सांगा. ओमानविरुद्ध आपण एका गोलाने पुढे होतो; शेवटच्या नऊ-दहा मिनिटांत दोन गोल घेऊन १–२ हरलो. बचावपटूच्या चुकीची नोंद मात्र सगळ्यांच्या स्मरणात पक्की असते.”

यावर मास्तरांनी जे विवेचन केले ते या संवादाचा गाभा असल्यामुळे मी ते थोडे विस्ताराने देतो. ते म्हणाले, की गोलाच्या दिशेने आलेल्या चेंडूचेंडूंतही फरक असतो. समोरून, मोकळ्या जागेतून मारलेला चेंडू गोलरक्षकाला दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. तोच खेळाडू दहा पावले बाजूला रेटला गेला, त्याचा चांगला पाय निकामी करून त्याला दुसऱ्या पायाने मारावयास भाग पाडले, तर चेंडू गोलरक्षकाच्या हातातच जातो आणि प्रेक्षक गोलरक्षकासाठी टाळी वाजवतात. उजव्या बचावाचे अर्धे आयुष्य या रेटण्यातच जाते. प्रतिस्पर्ध्याला बाहेरच्या रेषेकडे न्यावयाचे, आत वळू द्यावयाचे नाही. झेप घ्यावयाची नाही, कारण झेप चुकली की माणूस जमिनीवर आणि चेंडू पुढे. नुसते समोर राहून त्याचा वेळ खावयाचा. मध्यबचावाचे काम याहून निराळे. त्याला चेंडूपेक्षा पाठीमागच्या मोकळ्या जागेवर अधिक नजर ठेवावी लागते, उरलेल्या तिघांना हाक मारून एका ओळीत ठेवावे लागते. ओळीतला एक जण हातभर मागे रेंगाळला की ऑफसाइडची सगळी मांडणी फसते. उजवीकडून मध्ये येणे म्हणजे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नव्हे, तर एका मुलखातून दुसऱ्या मुलखात बदली होणे आहे. आणि भेके यांनी ती तिशीच्या आसपास, कारकीर्द चालू असताना, निभावून नेली.

“सोलकरचेच घ्या,” मास्तर पुढे म्हणाले. “तो पुढ्यात उभा आहे या धास्तीने ज्या फलंदाजांनी पुढे खेळायचे टाळले आणि भलताच फटका मारून दुसरीकडे झेल दिला, त्यांची नोंद कोठे आहे? तुमच्या वर्तमानपत्रात तो झेल दुसऱ्याच्या नावावर गेला. म्हणजे ५३ हा आकडासुद्धा अपुराच.”

येथे तात्या हसले. आणि मला वाटते, त्यांनी वाद बदलला तो हरल्यामुळे नव्हे, तर त्यांच्या मनात जे खरोखर डाचत होते ते आता बाहेर आल्यामुळे.

“मास्तर, मला नोंदीपेक्षा दुसरी गोष्ट सलते. मी कुपरेजवर फुटबॉल पाहिला आहे. १८९१ साली सुरू झालेला रोव्हर्स करंडक या शहराचा होता. तेव्हा खेळाडू कोणाच्या तरी नोकरीत असे. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, सेंट्रल बँक. सकाळी मस्टरवर सही, दुपारी सराव. १९६२ साली जकार्तात आपण आशियाई सुवर्णपदक जिंकले त्या संघातला उजवा बचाव चंद्रशेखर हा कॅलटेक्सचा, आणि मधल्या फळीतला फ्रँको टाटाचा. एक केरळातल्या इरिंजालकुड्याचा, दुसरा गोव्याचा; दोघे मुंबईत येऊन घडले. १९६३ च्या हंगामात महाराष्ट्राने संतोष करंडक जिंकला तो काळ हाच. ती माणसे खेळून थकली तरी रस्त्यावर आली नाहीत. पायाला दुखापत झाली तर फार तर बाकावरून टेबलावर गेली. आणि तुमच्या आजच्या व्यावसायिकाची कैफियत काय? करार दोन वर्षांचा, तीन वर्षांचा. मुदत संपली की नवे शहर, नवी भाषा, नवी बचावफळी. मुंबई एफसी २००७ साली निघाला, २०१७ साली खालच्या श्रेणीत घसरला आणि बंद झाला. त्याआधी राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्र युनायटेड २०१० सालीच बंद पडला होता. पन्नास वर्षांपूर्वी बचावपटू व्हायला लोक मुंबईत येत. या मुलाला त्यासाठी मुंबई सोडावी लागली. आणि गेल्या वर्षीचे काय सांगू? लीगच्या कराराचा घोळ झाला, हंगाम सुरू होण्याची शाश्वती उरली नाही, तेव्हा ऑगस्ट २०२५ मध्ये बंगळुरू क्लबाने आपल्या पहिल्या संघाचे वेतन बेमुदत स्थगित केल्याचे जाहीर केले. देशासाठी खेळणारा माणूस, आणि पगाराची तारीख नक्की नाही! आमच्या हाताखालच्या शिपायालाही असे कधी कोणी सांगितले नव्हते.”

या तक्रारीत तथ्य नाही असे कोण म्हणेल? मास्तरांनीही म्हटले नाही. तथापि कंपनीच्या फुटबॉलविषयी त्यांच्या मनात तात्यांइतकी माया नाही, आणि त्याचे कारण लालबागच्या माणसाला सांगावे लागत नाही. ज्या वस्तीने १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचे दरवाजे बंद झालेले पाहिले आणि त्यांतले बरेचसे पुन्हा उघडलेले पाहिले नाहीत, त्या वस्तीला मालकाच्या आश्रयावर उभी राहिलेली कोणतीही गोष्ट, मग ती नोकरी असो की खेळ, कायमची वाटत नाही.

“आश्रय होता तोवर ठीक होते,” ते म्हणाले. “पण कंपनीचा खेळाडू हा आधी कारकून आणि मग खेळाडू. त्याचा शरीरश्रम, त्याचा आहार, त्याची झोप, यांचा विचार करणारे खाते कंपनीत नव्हते. भेके अठ्ठाविसाव्या वर्षी भारताकडून प्रथम खेळले आणि चौतिशी ओलांडल्यावरही खेळत आहेत, ते याच करारी, बेभरवशाच्या व्यवस्थेने त्यांचे शरीर जपले म्हणून. वेतन थांबले म्हणता त्यानंतर महिन्याभराने, ८ सप्टेंबर २०२५ रोजी ताजिकिस्तानात हिसोरला, एका स्पर्धेत तिसऱ्या क्रमांकासाठी ओमानशी गाठ पडली. सामना १–१, मग पेनल्टी. आपल्या पाचांपैकी तीन जाळ्यात गेल्या, त्यात एक भेक्यांची. प्रशिक्षक कोण? खालिद जमील, ज्यांच्या हाताखाली मुंबई एफसीत हा मुलगा घडला. क्लब बुडाला, त्यातून निघालेली दोन माणसे ओमानला हरवायला एका बाजूला उभी होती.”

“आणि पुढच्याच महिन्यात फातोर्ड्यावर सिंगापूरकडून १–२ हरून आशिया चषकाची वाट बंद झाली.”

“झाली.”

“रियाधच्या विजयाचे कौतुक केलेत. दीड वर्षाने, ऑक्टोबर २०२३ मध्ये, त्याच रियाधमध्ये अल हिलालने मुंबई सिटीला सहा गोल मारले. भेके त्या हंगामात कर्णधार होते.”

“होते. आणि त्याच हंगामाच्या शेवटी, ४ मे २०२४ रोजी, कोलकात्यात मोहन बागानला त्यांच्याच प्रेक्षकांपुढे ३–१ हरवून लीगचा करंडक उचलणारे कर्णधारही तेच. तीन आठवड्यांपूर्वी त्याच मैदानावर त्याच मोहन बागानकडून हरून साखळीचे ढाल-पारितोषिक गमावले होते, हे तुम्ही सांगण्याआधी मीच सांगतो.”

मला स्वतःला या वादात एक गोष्ट दोघांकडूनही थोडी दुर्लक्षित राहिली असे वाटते. बचाव हा एकट्याचा गुण नसून चौघांची परस्परांविषयीची सवय आहे, आणि आजचा बाजार ती सवय जमू देत नाही. ज्या जाहूच्या गैरहजेरीत भेके यांनी अंधेरीला गोल केला, तोच जाहू रियाधला त्यांच्याच संघात होता, आणि गोल झाला तो कॉर्नरही त्याचाच; मंदार आणि गोव्याचा सेनेगाली मध्यबचाव मुर्तदा फॉल हेही तोवर मुंबईत आले होते. तीन वर्षांत प्रतिस्पर्धी सहकारी झाले, आणि आणखी दोन वर्षांत पुन्हा पांगले. कंपनीच्या संघात निदान हे होत नसे; परंतु त्या संघांच्या चौकडीला आशियाई चॅम्पियन्स लीगची कसोटी कधी द्यावी लागली नव्हती, हेही तितकेच खरे. दोन्ही काळांचे गुण एकत्र मागणे अवाजवी आहे हे मला कळते. मागावेसे मात्र वाटते.

मैदानावरची मुले जाळी सोडवू लागली होती. तात्यांनी चष्मा पुसला, आणि निकालपत्र वाचावे तशा सुरात बोलू लागले.

“ठीक आहे. तुमच्या दोहाची नोंद मी घेतो, परंतु दप्तरी शिरस्त्याप्रमाणे. एकट्या भेक्यांच्या नावावर ती चढणार नाही. कारण एक जण हातभर मागे राहिला की मांडणी फसते, हे तुमचेच म्हणणे. म्हणजे मालमत्ता सामाईक. संधू, भेके, झिंगन, आदिल, मंदार, हिस्से न पाडता.”

“मान्य.”

“परंतु सामाईक खाते एकदा उघडले की त्यात नुसती जमा चालत नाही. गुवाहाटीची ती शेवटची दहा मिनिटे आणि फातोर्ड्याचा पराभव त्याच खात्यावर नावे पडतील. मुंबई सिटीचे खाते वेगळे काढा, आणि रियाधचे सहा गोल तिकडे मांडा.”

“मांडा,” मास्तर म्हणाले, “पण तारीखवार मांडा. गुवाहाटी आधी, दोहा नंतर.”